उंदीर गेला, बीळ राहिलं

मुंबईतल्या फणसवाडीत फणसाचं झाड मी आजवर पाहिलेलं नाही. उंदीर मात्र रोज पाहिलेत. माझं माहेर इथलं, सासरही इथलंच; मध्ये फक्त दोन गल्ल्या. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा बरोबरच्यांना प्रबंधासाठी खेकडे मिळाले, फुलपाखरं मिळाली. मला मिळाले शहरातल्या उंदरांच्या अंगावरचे परजीवी. आई एवढंच म्हणाली, "माशांवर काही नव्हतं का गं?" दोन वर्षं मी पिंजऱ्यात सापडलेले उंदीर विंचरले. पुढे तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण राहिले इथल्याच चाळीत. प्रबंधात लिहिलं त्याहून जास्त मला या चाळीच्या भिंतींनी शिकवलं. त्यातलं थोडं, क्रमाने.

१. 'किडा' म्हणून मोकळं होऊ नये

आमच्या चाळीत जे चावतं ते ढेकूण, जे उडतं ते चिलट आणि उरलेलं सगळं 'किडा'. माइट हा प्राणी या उरलेल्यांत जातो. खरं तर तो कीटकच नाही. पिसवेला सहा पाय असतात, माइटला आठ. तो कोळ्याच्या आणि गोचिडीच्या भावकीतला. शेतकरी पिकावरच्या माइटला 'लाल कोळी' म्हणतो, ते शास्त्राला धरूनच आहे.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माइटच्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. पहिल्या वर्षी मी अशी बरीच पिल्लं 'अनोळखी कीटक' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या बाटलीत भरून ठेवली होती. सरांनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीतली पोरं तुम्ही परदेशी पाहुणे म्हणून नोंदवलीत." त्यानंतर नाव लिहिण्याआधी वय विचारायची सवय लागली.

२. अंगावर दिसला म्हणजे अंगावर राहतो असं नाही

या एका गोष्टीवर माझा अख्खा प्रबंध उभा होता आणि ती कळायला मला वर्ष लागलं.

उंदराला बेशुद्ध करून पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेवर आडवं करायचं, दात घासायच्या ब्रशने शेपटीपासून मानेपर्यंत उलटं विंचरायचं आणि पडेल ते अल्कोहोलच्या बाटलीत टिपायचं, अशी आमची पद्धत. (तो ट्रे आईने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.) विंचरताना एक जात नेहमी भरपूर सापडे: लेलॅप्स एकिडनिनस. तपकिरी, राठ केसांची. दुसरी, ऑर्निथोनिसस बॅकोटी, क्वचित दोन-चार. मी निष्कर्ष लिहून मोकळी झाले, की पहिली जात इथे जास्त आणि दुसरी दुर्मीळ.

मग एकदा पोटमाळ्यावर उंदराचं घरटं सापडलं. कापडाच्या चिंध्या, सुतळी, वर्तमानपत्राचा भुसा आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा. ते झटकलं तर 'दुर्मीळ' बॅकोटी राजगिरा सांडावा तशी ट्रेभर पसरली.

ही जात उंदराच्या अंगावर फक्त जेवायला जाते. रक्त पिऊन झालं की घरट्यात परत. अंडी तिथे, पिल्लं तिथे, कात टाकणं तिथे. आयुष्याच्या पाच अवस्थांपैकी फक्त दोन रक्त पितात. बाकीच्या उंदराकडे फिरकतही नाहीत. तेव्हा उंदीर विंचरून बॅकोटी मोजणं म्हणजे चर्चगेटला उतरलेली माणसं मोजून विरारची लोकवस्ती सांगणं. लेलॅप्स मात्र उंदराच्या केसांतही तेवढीच रमते आणि अंड्याऐवजी थेट पिल्लंच टाकते.

त्या दिवसापासून माझ्या वहीत उंदरासमोर एक नवा रकाना आला: 'कुठून?'

३. नरसाळं खोटं बोलत नाही

घरट्यातला चोळामोळा चिमट्याने निवडत बसलं तर डोळे जातात. त्यावर बर्लेसी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी युक्ती काढली. तीच नंतर विजेच्या दिव्यावर चालू लागली. मी ती चिराबाजारातून आणलेल्या रॉकेलच्या नरसाळ्यावर बसवली. नरसाळ्यात जाळी, जाळीवर घरटं, वर चाळीस वॅटचा दिवा आणि खाली अल्कोहोलची बाटली. दिवा लावायचा आणि झोपायला जायचं.

दिव्याच्या उबेने घरटं वरून सुकत जातं. आतले जीव कोरडेपणापासून पळत खाली ओलाव्याकडे सरकतात आणि शेवटी टपकन बाटलीत पडतात. सकाळी बाटलीत सगळी वस्ती हजर.

या नरसाळ्याने मला माइटचं सगळं चरित्र एका रात्रीत सांगितलं. एवढासा जीव, कातडी पातळ, अंगात पाण्याचा साठा तो किती असणार? हवा कोरडी झाली की तो उपाशी मरण्याआधी सुकून मरतो. त्यामुळे त्याला उंदराइतकीच, किंबहुना जास्तच, गरज असते दमट, अंधाऱ्या, फार न तापणाऱ्या जागेची. बाहेर मे महिना असो की जानेवारी, भिंतीच्या पोटातल्या बिळात हवा फारशी बदलत नाही. ते त्याचं वातानुकूलित घर.

४. भिंतीला कॅलेंडर कळतं

आमच्या चाळीत जुनी माणसं 'गाठीचा ताप' म्हणून हळू आवाजात बोलत. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं होतं ग्रंथिक सन्निपात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामांलगत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर उभा आहे, आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. मी लहानपणी त्यांना पुढारी समजत असे.

पहिल्या काही वर्षांनंतर मुंबईच्या लक्षात आलं की या रोगाला ऋतू आहे. थंडीत चढायचा, मार्चच्या सुमारास शिगेला जायचा आणि उन्हाळा तापला की उतरू लागायचा. १९०५ मध्ये प्लेग संशोधनासाठी नेमलेल्या मंडळींनी परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) वर्षभर मुंबईचे उंदीर तपासले, तेव्हा दिसलं की उंदरांवरच्या पिसवाही त्याच महिन्यांत सर्वात जास्त असतात. म्हणजे वरून उंदीर तोच, घर तेच, चाळ तीच. बदलली ती फक्त हवा.

पुढे १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवलं की प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत बोळा होऊन बसतात. भुकेने वखवखलेली पिसू मग पुन्हापुन्हा चावते आणि जंतू उलटून जखमेत टाकते. कडक उन्हाळ्यात हा बोळा टिकत नाही. ज्या ऑर्निथोनिसस बॅकोटीने माझी झोप उडवली तिला नाव मिळालंय ते याच बॅकॉटचं.

माझ्या छोट्या वहीतही हा ऋतू उमटला होता. चार गल्ल्यांच्या नोंदींवरून सिद्धांत मांडू नये, सरांनी तो खोडला हे योग्यच. पण तेव्हापासून पावसाळा सरून भिंती ओल्या असतात आणि हवा जरा निवते, त्या दिवसांत मी कपाटामागे टॉर्च मारून बघतेच.

५. छप्पर बघा, मग उंदीर बघा

विद्यार्थ्यांना मी एक प्रयोग दर वर्षी सांगायचे, कारण तो आपल्या परळमध्ये झाला. प्लेगच्या संशोधकांनी लहान-लहान खोल्या बांधल्या. भिंती एकसारख्या, जमीन एकसारखी, फरक फक्त छपराचा. काहींवर आपली साधी देशी कौलं, काहींवर चपटी मंगलोरी कौलं, काहींवर पत्रा. छपराखाली बारीक जाळी, म्हणजे उंदीर खोलीत उतरू शकणार नाही, पण त्याच्या अंगावरून पडेल ते खाली येईल. खाली गिनीपिग सोडले.

देशी कौलांत उंदीर मनसोक्त राहतो, मंगलोरी कौलांत जेमतेम, पत्र्याखाली राहतच नाही. उंदराने गिनीपिगला शिवलंही नाही, तरी जिथे वरून पिसवा पडल्या तिथे खाली रोग पोहोचला. रोग आणि रोगी यांच्यामध्ये घराचं बांधकाम उभं असतं, हे एवढ्या सोप्या रीतीने दुसरं कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही.

आमच्या चाळीचं छप्पर मी दोनदा बदललेलं पाहिलं. कौलं गेली, पत्रे आले, पुढे त्यावर ताडपत्री. उंदीर छपरातून उतरले आणि नळाच्या डक्टमध्ये, मोरीखाली, तळमजल्यावरच्या दुकानांच्या मागे गेले. तेही वेगळे उंदीर. छपरात राहणारा लांब शेपटीचा घरउंदीर मागे पडत गेला आणि जमिनीत बिळं पोखरणारी छोटी घूस शहरभर वाढली, हा बदल हाफकिनच्या डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६० च्या दशकात मुंबईचे उंदीर मोजून नोंदवला होता. सापांवरच्या पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक असलेले देवरस ते हेच. उंदीर बदलला की बीळ बदलतं, बीळ बदललं की आतली हवा बदलते आणि मग आतले भाडेकरूही.

६. जिवंत उंदरापेक्षा मेलेला उंदीर भारी पडतो

काही वर्षांपूर्वी आमच्या मागची एक जुनी इमारत पाडली. पंधरवड्यात शेजारच्या काकूंच्या घरी खाज सुरू झाली. आधी सुनेला, मग नातवाला, मग काकूंना. लाल पुटकुळ्या, कमरेला नाडीच्या रेषेत, ब्लाउजच्या काठाशी, बगलेत. खरूज म्हणून मलम झालं. सगळं घर चादरी उकळून थकलं. मलम संपलं की पुन्हा खाज. काकू शेवटी मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही उंदरांचं शिकलात ना? आमच्याकडे तर उंदीरही नाही. महिन्याभरापूर्वी होते, औषध घातलं, गेले."

तिथेच मला उत्तर मिळालं. गेले नव्हते, मेले होते. मोरीच्या लाद्यांखाली.

घरट्यातल्या बॅकोटीला जेवणाची वेळ झाली आणि ताटच उचललं गेलं. ती उपाशी काही आठवडे तग धरते, पण वाट बघत बसत नाही. उबेच्या आणि श्वासाच्या मागावर भेगेतून बाहेर पडते. जिथे कपडा अंगाला घट्ट बसतो तिथे थांबते, चावते आणि परत भेगेत जाते. माणसाच्या अंगावर ती बिऱ्हाड करत नाही, म्हणून अंगाला लावलेल्या मलमाचं तिला सुखदुःख नाही. लेलॅप्सला तर शाबूत कातडी फोडताही येत नाही. ती उंदराच्या ओरखड्यावर आणि डोळ्यांच्या पाण्यावर भागवते. घरात खाज आली ती बॅकोटीची.

मी सेलोटेपची पट्टी मोरीच्या चौकटीला रात्रभर लावून ठेवली. सकाळी काकूंना भिंगातून दाखवलं. त्यांनी बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे औषध आम्ही पोरांना लावलं आणि खाज भिंतीला होती."

शंभरावर वर्षांपूर्वी विल्यम ग्लेन लिस्टन हेच सांगत होते. मुंबईतल्या ज्या घरांत उंदीर पटापट मेले, तिथे ते मोकळे गिनीपिग सोडत आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचत. पिसवा निघत त्या उंदराच्या. यजमान थंड पडला की पाहुणे दुसरं दार ठोठावतात, हे त्यांनी १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलंय. जुन्या माणसांना ते वाचायची गरज नव्हती. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

७. माणूस हलला की उंदीर हलतो

३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात तडे गेलेली घरं लोकांनी सोडली. धान्य मात्र बऱ्याच घरांत तसंच राहिलं. माणूस नाही, मांजर नाही, दाणे भरपूर. उंदराला याहून काय हवं? पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून उंदीर पडत असल्याची आणि पिसवा चावत असल्याची तक्रार आली. मागोमाग गाठी आलेले रुग्ण. देशात कित्येक वर्षांनी प्लेगचं नाव पुन्हा छापून आलं.

जमीन हलली, तिचा हिशेब वर्षभराने एका पिसवेने मांडला. तेव्हा मी वर्गात शिकवत होते. फळ्यावर बाण काढले: भूकंप, रिकामं घर, धान्य, उंदीर, पिसू, माणूस. एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात रोगजंतू कुठे?" मी म्हटलं, तो बाणांत आहे.

मुंबईतही पाडकाम निघालं की मी तोच फळा डोळ्यांपुढे आणते. पाडायच्या आधी इमारतीतले उंदीर आणि बिळं यांचा बंदोबस्त झाला नाही, तर पाडलेली इमारत शेजारच्या इमारतीत राहायला येते.

८. गवतातला उंदीर वेगळा

उंदराच्या कानात कधीकधी केशरी ठिपक्यांचा पुंजका दिसतो. ती चिगर माइटची पिल्लं. या जातीत फक्त पिल्लू परजीवी. मोठं झालं की उंदराला रामराम करून मातीत जातं आणि तिथले बारीक जीव, त्यांची अंडी खाऊन जगतं. म्हणून तिला माती लागते, ओल लागते, झुडपं लागतात. फणसवाडीच्या फरशांवर तिचं काही चालत नाही. पण पावसाळ्यानंतर शेतात, माळावर, वाढलेल्या गवतात ती चावते आणि काही ठिकाणी स्क्रब टायफसचे जंतू देऊन जाते. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात या तापाने बळी घेतले. चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग पडतो. गावाहून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना तो डाग दाखवावा आणि गवतात बसलो होतो हे आपणहून सांगावं. वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने तो बरा होतो.

९. क्रम चुकला की औषधच घात करतं

प्लेगच्या अनुभवातून आरोग्य खात्यांनी एक नियम घेतला: आधी बिळात कीटकनाशक भुकटी, मग उंदीर मारणं. उलट केलं तर पिसवा मोकळ्या सुटतात. घरातल्या माइटलाही हाच न्याय. काकूंच्या घरी आम्ही मोरीच्या लाद्या उचलल्या, मेलेले उंदीर आणि घरटं हातमोजे घालून पिशवीत बंद केलं, माहितगार माणसाकडून भेगांत फवारणी करून घेतली आणि शेवटी सिमेंटने भोकं बुजवली. खाज थांबली. एकट्या सिमेंटने थांबली नसती आणि एकट्या फवारणीने महिनाभरच थांबली असती. बिळात धुरी देणाऱ्या गोळ्या मात्र घरच्या माणसाने हातात घेऊ नयेत. त्यांचा वायू उंदीर आणि माणूस असा भेद करत नाही.

आमच्या भागात महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक येत. एका हातात टॉर्च, एका हातात काठी आणि डोक्यावर रात्रीत तीस उंदरांचा हिशेब. त्यांच्यातल्या एका वयस्कर काकांना मी विचारलं होतं, की इतक्या अंधारात उंदीर दिसतो कसा? ते म्हणाले, "बाई, उंदीर नाही बघायचा. हॉटेलचं मागचं दार कुठे आहे ते बघायचं." माझ्या दोन वर्षांच्या प्रबंधाचा सारांश त्यांनी एका वाक्यात दिला होता.

१०. प्रश्न बदला

आता मी निवृत्त आहे. चाळीतली मुलं काही मेलेलं सापडलं की मला दाखवायला आणतात. त्यांच्या आया ओरडतात, मीही ओरडते आणि हात साबणाने धुवायला लावते. परवा एका सात-आठ वर्षांच्या मुलाने काठीला लटकवून छोटी घूस आणली. केवढी मोठी शेपूट, केवढे मोठे दात, त्याला सगळं दाखवायचं होतं.

मी लांबूनच विचारलं, "कुठून उचललीस रे?"

तो गोंधळला. हे कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्याने जिन्याखालच्या जुन्या गाद्यांच्या ढिगाकडे बोट केलं. घूस तिथेच सोडून मी टॉर्च आणायला आत गेले.